पुढून टकटक वाजतंय, म्हणून सगळं सस्पेन्शन बदलायचं का?

पत्र: दादा, माझी छोटी हॅचबॅक आहे, नऊ वर्षं झाली आणि लाखाच्या वर किलोमीटर झालेत. काही दिवसांपासून पुढून डाव्या बाजूने टकटक आवाज येतो, खराब रस्त्यावर हळू चालवली की जास्त, चांगल्या रस्त्यावर काहीच नाही. मागची बाजू पण स्पीडब्रेकरवरून उतरली की दोन-तीनदा हेलकावत राहते. गॅरेजवाल्याने एक राउंड मारला आणि म्हणाला पूर्ण सस्पेन्शन गेलंय, चारही शॉकअप, स्प्रिंग, लोअर आर्म, सगळा सेट टाकावा लागेल. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो व्हिडिओ बघून आपण घरीच करू, पार्ट मागवून घेऊ. आमच्याकडे गाडीसोबत आलेला जॅक, पान्यांचा एक सेट आणि स्टेपनी बदलायचा अनुभव एवढंच आहे. तो गाडीखाली जाणार या विचारानेच मला धस्स होतं. करू द्यावं का? आणि खरंच सगळं बदलावं लागतं का?

उत्तर:

ताई, करू द्या. पण सगळं नाही, आणि त्या गाडीसोबतच्या जॅकवर तर मुळीच नाही. तुमच्या दोन प्रश्नांपैकी भीतीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे म्हणून तो आधी घेतो, टकटक नंतर बघू.

गाडीसोबत मिळतो तो जॅक चाक बदलायला असतो, बस. त्याचा पाया छोटा असतो, गाडी थोडी जरी पुढे-मागे सरकली तरी तो आडवा होतो, आणि सस्पेन्शनच्या कामात तर आपण पान्यावर जोर लावून गाडीला सतत धक्के देत असतो. मोठा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक असला तरी नियम तोच, जॅक फक्त उचलण्यासाठी, गाडी टेकवायची ती जॅक स्टँडवर. दोन चांगले स्टँड घ्या, त्यावर किती टनाचे आहेत ते लिहिलेलं असतं, आणि ते ठेवायचे गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच, पत्र्याच्या कुठल्याही पट्टीखाली नाही. जमीन सपाट आणि कडक हवी, माती किंवा मऊ डांबर नको. पुढची बाजू उचलताना मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. स्टँडवर टेकवल्यावर गाडीला हाताने जोरात हलवून बघा, पडायचीच असेल तर कोणी खाली नसताना पडू दे. आणि काढलेलं चाक आहे ना, ते बाजूला भिंतीला टेकवून ठेवू नका, गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा, स्टँड दगा देईल तेव्हा गाडी चाकावर बसेल आणि मधे तेवढी जागा राहील. मुलाला एवढं एकच सांगा की हे सगळं झाल्याशिवाय हातसुद्धा खाली घालायचा नाही, आणि तो काम करत असेल तेव्हा घरातलं कोणीतरी जवळ असू दे. एकट्याने हे काम करायचं नाही.

आता टकटक. तुम्ही लिहिलेली लक्षणं मी दोनदा वाचली आणि मला सगळं सस्पेन्शन गेल्यासारखं वाटत नाहीये. हळू चालताना, बारीक खडबडीत रस्त्यावर, एका बाजूने टकटक आणि वेगात चांगल्या रस्त्यावर शांत, ही स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडची फार ओळखीची खूण आहे. लिंक रॉड म्हणजे वीतभर किंवा थोडा मोठा दांडा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट, एक टोक स्ट्रटला (पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) किंवा लोअर आर्मला (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) आणि दुसरं टोक त्या आडव्या जाड स्टॅबिलायझर बारला जो वळणावर गाडीला जास्त कलू देत नाही. या जॉइंटच्या रबरी टोपीला चीर पडली की पाणी आणि धूळ आत जाते, ग्रीस धुऊन जातं, आत प्ले म्हणजे ढिलेपणा येतो, मग एक चाक वर एक खाली झालं की टक, परत टक. पार्ट छोटा, काम छोटं, आवाज मात्र असा की माणसाला वाटतं अख्खं चाक निखळतंय. मागचं हेलकावणं हा वेगळा विषय आहे, तिथे शॉकअप थकलेत हे जवळजवळ नक्की, कारण चांगला शॉकअप गाडीला एकदा खाली-वर होऊ देतो आणि थांबवतो.

पण माझ्या अंदाजावर पार्ट मागवू नका. घरी करण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम पार्ट बदलायचं नाहीच, कुठला पार्ट गेलाय ते हाताने हलवून शोधायचं आहे, आणि गॅरेजमध्ये घाईत नेमकं तेच राहून जातं. एक राउंड मारून आवाज कुठल्या बाजूचा ते कळतं, पार्ट कळत नाही, कारण पत्र्यातून आवाज इकडचा तिकडे जातो, कधीकधी डावीकडचा वाटणारा आवाज उजवीकडचा निघतो.

तर सुरुवात अगदी फुकटातल्या गोष्टींपासून. डिकीतला जॅक, पाना, स्टेपनीचा स्क्रू, सगळं काढून किंवा घट्ट करून त्याच रस्त्यावरून एक चक्कर मारा. मग त्याच खडबडीत पट्ट्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून हळू चालवा. ब्रेक दाबल्यावर टकटक बंद झाली तर ती सस्पेन्शनची नाहीच, ब्रेकचे पॅड किंवा ते दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना ढिल्या वाजतायत, आणि असं झालं तर तुमचा सगळा सेट वाचला. एक्झॉस्टचे रबर आणि चाकामागचे पातळ पत्रे पण हलवून बघा, तेही असेच वाजतात.

आवाज तरी राहिला तर आता हात लावून बघायचं. लिंक रॉड गाडी चाकांवर उभी असतानाच तपासता येतो, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे चाकामागे हात जायला जागा होते, इंजिन बंद, चावी काढलेली, आणि रॉड मुठीत धरून जोरात पुढे-मागे हलवा. बोटं जॉइंटवर ठेवा. प्ले असेल तर डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतो, आत काहीतरी टिचकी मारल्यासारखं लागतं. नवा जॉइंट हाताने फिरतो पण घट्ट फिरतो, कटकट करत नाही. दोन्ही बाजूचे बघा, डावा-उजवा तुलना केली की शंका राहत नाही. तिथेच बारला चॅसीशी धरणारे दोन रबरी बुश, म्हणजे रबराच्या जाड कड्या असतात, त्यांची भोकं पण रबर वाळून मोठी झालेली असतात बऱ्याचदा, बार त्यात वर-खाली हलतोय का ते बघा.

मग पुढची बाजू स्टँडवर घ्या आणि चाक धरून हलवा. वरून आणि खालून धरायचं, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, आणि आत-बाहेर ढकलायचं. इथे प्ले लागला तर दोनच गोष्टी असतात, व्हील बेअरिंग किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट. कुठलं ते ओळखायला दुसऱ्याला गाडीत बसवून ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा, प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंटवर संशय. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा, बारा-सहाला काही नसून फक्त इथेच प्ले लागला तर तो बहुतेक टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा) किंवा स्टिअरिंग रॅकच्या आतल्या जॉइंटचा असतो. आणि ताई, लोअर आर्मच्या या बॉल जॉइंटमध्ये किंवा टाय रॉडमध्ये प्ले सापडला तर त्या दिवसापासून गाडी उभी करा. लिंक रॉड तुटला तर गाडी वळणावर जास्त कलेल आणि वाजेल, एवढंच, पण बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं होतं आणि गाडी हातात राहत नाही. या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि आवाजावरून तो कळत नाही, म्हणून तर हलवून बघायला सांगतोय.

लोअर आर्मचे बुश बघायला एक लांब पहार किंवा मजबूत स्क्रूड्रायव्हर आर्म आणि फ्रेमच्या मधे घालून हलकंच दाबा. रबर थोडं दबणारच, त्याला रबर म्हणूनच बसवलंय, पण रबर लोखंडापासून सुटलेलं दिसलं किंवा आरपार चीर दिसली तर गेला. असा गेलेला बुश ब्रेक मारताना किंवा रिव्हर्सवरून पहिल्या गिअरला जाताना एकच धप्प असा आवाज देतो, सारखी टकटक नाही, आणि तुम्ही तसं काही लिहिलेलं नाहीये. वरच्या टोकाला स्ट्रटचं माउंट आणि बेअरिंग असतं, गाडी उभी असताना एकाने स्टिअरिंग हळूहळू फिरवायचं आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून माउंटवर तळहात टेकवायचा, बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग मधेच अडून एकदम सुटते, तो झटका हाताला जाणवतो आणि टण्ण असा आवाज पण येतो.

शॉकअपचं सांगतो. बॉनेटवर दाबून गाडी किती वेळा उसळते ते बघायची जुनी पद्धत आहे ना, त्यात फक्त पार मेलेला शॉकअप सापडतो, अर्धा थकलेला सापडत नाही. त्यापेक्षा दोन गोष्टी बघा. एक म्हणजे तेल, शॉकअपच्या वरच्या भागावर धूळ चिकटलेला हलका ओलसरपणा चालतो, पण खालपर्यंत ओघळ आलेले असतील तर सील गेलंय. दुसरं टायर, टायरवरून तळहात गोल फिरवा, ठराविक अंतरावर उंचवटे-खळगे लागले तर ते चाक रस्त्यावर नीट टेकून चालत नाहीये, उड्या मारत चाललंय, म्हणजे शॉकअप थकलाय.

एवढं सगळं एका सुट्टीच्या दिवशी निवांत होतं आणि त्यात एकही नट खोलावा लागत नाही. मुलाला हे आधी करू द्या आणि कागदावर लिहून ठेवायला सांगा, कुठे प्ले, कुठे चीर, कुठे तेल, डावं-उजवं दोन्ही. मगच पार्ट मागवायचे.

समजा लिंक रॉडच निघाला, तर तो घरी बदलायला पहिलं काम म्हणून उत्तम आहे. आदल्या रात्री नटांवर गंज सुटायचा स्प्रे मारून ठेवा, आधी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ करा, नाहीतर नट अर्ध्यात येऊन अडकतो आणि मग सगळा वैताग सुरू होतो. पुढची दोन्ही चाकं एकदम वर घ्या, एकच नाही. एकच चाक लटकलं की स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो, लिंक ताणलेली असते, निघताना पण त्रास आणि नवी लावताना भोकं जुळत नाहीत. लोक इथेच हातोडा घेतात, गरज नसते, दोन्ही चाकं सारखी लटकली की रॉड हाताने निघतो. नट फिरवताना आतला बोल्ट पण सोबत फिरतो, त्याच्या टोकाला ॲलन कीचं भोक असतं किंवा रबराच्या मागे पाना बसेल अशा दोन सपाट बाजू असतात, त्या धरून ठेवायच्या आणि नट फिरवायचा. ॲलन की जुन्या गंजलेल्या भोकात घसरते आणि भोक गोल होऊन जातं, म्हणून ती ठोकून पूर्ण आत बसवा, आणि जोर नटावरच्या पान्यानेच लावा, कीने फक्त धरायचं. इतकं करूनही भोक खराब झालं तर जुना रॉड असाही फेकायचाच आहे, नट कापून काढा, शेजारची ब्रेकची नळी आणि एबीएसच्या सेन्सरची वायर तेवढी कापडाने झाकून घ्या आणि डोळ्याला चष्मा लावा.

नवा रॉड लावताना सोबत आलेला नवाच नट वापरा. हे सेल्फ लॉकिंग नट असतात, एकदा काढले की त्यांची पकड कमी होते. आणि घट्ट करायला टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागला ते मोजणारा पाना, लागेलच, तो विकत घ्या नाहीतर कोणाचा तरी मागून आणा. बऱ्याच छोट्या गाड्यांत लिंक रॉडचा नट ४० ते ६० न्यूटन मीटरच्या मधे असतो पण नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, व्हिडिओतला घेऊ नका, कारण व्हिडिओतली गाडी तुमची नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो, मीटरभर लांब पान्याच्या टोकाला १० किलो वजन टांगलं की साधारण १०० न्यूटन मीटर होतात, म्हणजे तरुण मुलगा पाइप लावून जोर लावेल तर कितीतरी पुढे जाईल. मुलांना घट्ट म्हणजे चांगलं असं वाटतं, इथे ते खरं नाही, जास्त ताणलेला बोल्ट आतून खेचला जातो आणि पुढे कधीतरी तुटतो.

मागचे शॉकअप पण घरी होतात. बहुतेक हॅचबॅकमध्ये मागे आडवा बीम असतो, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, त्यामुळे स्प्रिंगला हात लावायची गरज पडत नाही. तुमच्या गाडीत तसं आहे का ते आधी वाकून बघा, शॉकअपभोवतीच स्प्रिंग गुंडाळलेली असेल तर हे काम घरी नको. वेगळी असेल तर बॉडी स्टँडवर, आणि बीमखाली जॅक लावून बीमला हलका आधार, इतकाच की शॉकअपवरचा ताण जाईल. हा आधार विसरायचा नाही, कारण बीम किती खाली जाईल हे शॉकअपच धरून असतो, खालचा बोल्ट काढला की बीम धाडकन खाली येतो, स्प्रिंग सुटू शकते आणि ब्रेकची नळी ताणली जाते. एका वेळी एकच बाजू. वरचा नट डिकीच्या कव्हरखाली किंवा चाकाच्या कमानीत सापडेल, वॉशर आणि रबर कुठल्या क्रमाने आहेत त्याचा काढण्याआधी फोटो घ्या. दांडा फिरायला लागला तर टोकाच्या सपाट बाजूंवर पाना लावा, त्या चकचकीत दांड्याला पक्कड अजिबात लावू नका, बारीकसा ओरखडासुद्धा सील कापतो आणि नवा शॉकअप थोड्याच दिवसांत गळायला लागतो. नवा शॉकअप लावायच्या आधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडा, आडवा ठेवून आलेला असतो त्यामुळे आत हवा अडकलेली असते, ती जाते. गॅसचा असेल तर तो दाबून पट्ट्याने बांधलेला येतो, पट्टा कापल्यावर आपोआप लांब होतो, घाबरू नका, तोंड फक्त बाजूला ठेवा. शॉकअप नेहमी जोडीने बदला, एक नवा एक जुना असला की ब्रेक मारताना आणि वळताना गाडी दोन बाजूंना वेगवेगळी वागते. लिंक रॉड मात्र एकच बदलला तरी चालतो, पण दुसराही तेवढेच किलोमीटर चाललाय, तेव्हा हात लागलाच आहे तर दोन्ही करून टाका.

आता एक गोष्ट जी व्हिडिओत बरेचदा सुटते आणि नवा पार्ट वर्षभरात खराब का झाला ते कोणालाच कळत नाही. ज्या बोल्टमधून रबरी बुश जातो, म्हणजे शॉकअपचा खालचा बोल्ट, लोअर आर्मचे बोल्ट, ते चाक लटकलेलं असताना फायनल घट्ट करायचे नाहीत. या बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. लटकलेल्या स्थितीत घट्ट केलं आणि मग गाडी खाली उतरवली की ते उभ्या गाडीत सतत पिळलेलंच राहतं, वर प्रत्येक खड्ड्याला आणखी पीळ, मग फाटतं. म्हणून काम सुरू करण्याआधी, गाडी जमिनीवर असताना, चाकाच्या मध्यापासून वर पत्र्याच्या कमानीपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि कमानीवर चिकटपट्टी लावून त्यावरच लिहून ठेवा. सगळं जोडलं की बोल्ट हाताने अंगाबरोबर लावा, मग जॅकने बीम किंवा आर्म तेवढंच अंतर येईपर्यंत वर घ्या आणि तेव्हा टॉर्क रेंच लावा. हे करताना गाडी स्टँडवरून उचलली जात नाहीये ना तिकडे एकाने लक्ष ठेवायचं.

आणि आता जिथे मी हात जोडून थांबा म्हणतो ती जागा. पुढचा स्ट्रट. तुमच्यासारख्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात तो तयार केला, १९५० च्या फोर्ड कॉन्सलमध्ये आला आणि नंतर जगभर पसरला, कारण शॉकअप, स्प्रिंग आणि वरचं माउंट सगळं एकात एक, जागा कमी लागते. पण त्याच कारणाने स्प्रिंग त्यात कायम दाबलेली असते. हजार किलोच्या गाडीत पुढच्या एका चाकावर साधारण ३०० किलो वजन येतं, तेवढं ती स्प्रिंग पेलते, आणि स्ट्रट बाहेर काढला तरी वरच्या एका नटाने ती दाबलेलीच राहते. तो नट आधी खोलला तर माउंट आणि स्प्रिंग सुटून समोर जे असेल त्याच्यावर आदळतं. माणसं यात जबर जखमी झालीत, जीवही गेलेत. स्वस्तातले दोन हुकवाले स्प्रिंग कंप्रेसर मिळतात ते मुलाच्या हातात देऊ नका, दोन्ही बाजू सारख्या आवळल्या नाहीत तर स्प्रिंग वाकते आणि हुक घसरतात. स्ट्रट बदलायची वेळ आलीच तर दोन चांगले रस्ते आहेत. एकतर स्प्रिंग आणि माउंटसकट जोडून आलेला पूर्ण स्ट्रट घ्या, मिळत असेल तर. नाहीतर स्ट्रट घरी काढा आणि जिथे भिंतीला बसवलेला मोठा कंप्रेसर आहे अशा वर्कशॉपमध्ये नेऊन फक्त स्प्रिंग जुन्या स्ट्रटवरून नव्यावर चढवून घ्या, तेवढं काम ते लोक करून देतात. त्याच वेळी वरचं माउंट, बेअरिंग, आतला बंप स्टॉप (स्ट्रट पूर्ण दबला की आपटू न देणारं रबर) आणि धुळीचं रबर नवं टाका, जुनं परत बसवलं तर थोड्या दिवसांनी परत सगळं खोलायला लागेल.

स्ट्रट घरी काढणार असाल तर तीन गोष्टी. कॅलिपर काढावा लागला तर तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा. नळी आणि सेन्सरची वायर स्ट्रटला अडकवलेली असते ती आधी सोडवा. आणि स्ट्रट नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला, जोडणारे दोन बोल्ट काढण्याआधी त्यांची जागा मार्करने आखून ठेवा, बोल्ट निघाल्यावर नकल बाहेर झुकू देऊ नका, दोरीने बांधा, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो आणि छोटं काम मोठं होतं.

लोअर आर्म आणि बॉल जॉइंट पहिल्याच वेळी घरी नको असं माझं मत आहे. अवघड आहे म्हणून नाही, तिथे चूक झाली तर ती रस्त्यावर चालताना कळते म्हणून. लिंक रॉड आणि मागचे शॉकअप करून हात बसू दे.

काम झालं की पहिली चक्कर रिकाम्या रस्त्यावर, हळू, खिडक्या उघड्या, मुलाने चालवायची आणि तुम्ही शेजारी बसून ऐकायचं, कारण तो आवाज तुमच्या कानात जास्त दिवस बसलाय. चाकांचे नट टॉर्क रेंचनेच लावा आणि ५० ते १०० किलोमीटर झाले की परत एकदा तपासा, सोबत नवे लावलेले बाकीचे नट पण. लिंक रॉड आणि बीमवरचे मागचे शॉकअप एवढंच बदललं असेल तर व्हील अलाइनमेंटची गरज नाही. स्ट्रट, लोअर आर्म किंवा टाय रॉड एंड यातलं काहीही सुटलं असेल तर अलाइनमेंट लगेच, उद्यावर टाकू नका, नवे पार्ट लावून टायर खाऊन टाकण्यात काय अर्थ आहे.

गॅरेजवाल्याबद्दल. तो फसवतोय असं मी म्हणणार नाही, लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत सगळं एकदम टाकलं की ग्राहक परत तक्रार घेऊन येत नाही, हा त्याचा सरळ हिशोब असतो. पण तुमची तपासणीची यादी घेऊन जा आणि म्हणा, गाडी लिफ्टवर घ्या आणि ज्या ज्या पार्टमध्ये प्ले आहे तो मला हाताने हलवून दाखवा. जो दाखवेल तो बदला. स्प्रिंगचं तर खास विचारा, कारण स्प्रिंग तुटल्याशिवाय किंवा गाडी एका बाजूला बसल्याशिवाय सहसा बदलावी लागत नाही, आणि ते तुम्ही घरीच बघू शकता, दोन्ही बाजूंचं कमानीपर्यंतचं अंतर मोजून. ती चिकटपट्टी लावायच्या वेळी चारही चाकांचं मोजून घ्या आणि पुढच्या पत्रात मला ते चार आकडे आणि मुलाची यादी पाठवा, पार्ट मागवायच्या आधी मी बघून सांगतो.